आधी नानांची अंघोळ

सुधाकरचा फोन आला तेव्हा मी परभणीच्या घरी शेंगा सोलत बसले होते. "ताई, नाना गेले," तो म्हणाला, आणि माझ्या बोलण्याची वाट न पाहता घाईघाईनं पुढं सांगू लागला, "सकाळी स्वतः अंघोळ केली, धोतर नेसले, चहा घेतला आणि खुर्चीत बसल्या बसल्या..." माझ्या तोंडून निघालं, "बरं झालं." निघालं आणि माझी मलाच लाज वाटली. पण सुधाकरनंही पलीकडं मोठा श्वास सोडला. "हो ना," म्हणाला. सुधाकर म्हणजे नानांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. गेली दोन वर्षं नाना भेटेल त्याला एकच सांगत होते, की अंथरुणाला खिळायची वेळ येऊ नये, दुसऱ्याच्या हातून अंघोळ करून घ्यायची पाळी येऊ नये. ती आली नाही. सत्याऐंशीव्या वर्षी, शेवटच्या सकाळीसुद्धा, त्यांनी आपल्या हातानं पाणी काढून घेतलं. आज सहा आठवडे झाले. आठवण आली की डोळे भरतात, पण त्याच्या आधी जिवाला हलकं वाटतं, ते अजून तसंच वाटतं.

माझ्या वडिलांचे नाना हे धाकटे भाऊ. निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या अदालतीत ते अहलकार होते, म्हणजे कारकून. दिवसभर उर्दूत कागद लिहायचे, अंगात काळी शेरवानी, आणि लग्न व्हायचं होतं. वय चोवीस. त्या वर्षी तापाची साथ आली आणि पंधरा दिवसांच्या आत आमचे वडील गेले, मागोमाग आई गेली. मी सात वर्षांची होते आणि शकू तीन. औरंगपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघी आणि नाना, एवढेच उरलो. तेराव्याला सगळे नातेवाईक बसले आणि बोलणं एकाच गोष्टीवर येऊन थांबलं. पोरींना न्हाऊ कोण घालणार? वेण्या कोण घालणार? रात्री रडल्या तर निजवणार कोण? बिनलग्नाच्या गड्याचं हे काम नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. चितेगावच्या गोदामावशीनं, आईच्या थोरल्या बहिणीनं, मला न्यायचं आणि जालन्याच्या आत्यानं शकूला, असं ठरत आलं होतं. नाना खाली मान घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "संक्रांतीपर्यंत माझ्यापाशी राहू द्या. मग बघा येऊन." बहिणीच्या सासरचा माणूस म्हणून मावशीनं मान ठेवला. "बरं. संक्रांत झाली की म्या येते," म्हणाली. आत्यानंही निकाल तिच्यावरच सोपवला.

पहिले आठ दिवस आठवले की आजही हसू येतं. नानांना पाण्याचा अंदाज नव्हता. एकदा इतकं कढत, की मी पाटावरून उडीच मारली. दुसऱ्या दिवशी भीतीनं पार गार. शिकेकाई डोळ्यांत जायची. वेणी घालायला बसले की कागद शिवायला बसल्यासारखे जपून, जीभ दातांत धरून बसायचे आणि तरी भांग वाकडाच यायचा. माझं मी कसंबसं निभावून नेत होते. शकूचं मात्र अवघड होतं. ती डोक्यावर पाणी घेऊच द्यायची नाही. तांब्या वर गेला की ती अशी किंचाळायची की गल्लीच्या तोंडाशी हौदावर नहरीचं पाणी भरणाऱ्या बायका घागरी ठेवून आमच्या दाराकडं बघायच्या. महिनाभरात तिच्या केसांच्या जटा झाल्या, मानेवर फोड आले. रात्रीही ती आडवी होत नसे. भिंतीला टेकून, डोळे टक्क उघडे ठेवून बसायची आणि बसल्या जागी पेंगायची.

आमची आणि शेजारच्या रजियाखालाची भिंत एक. त्या भिंतीत, न्हाणीच्या अंगाला, एक लहान खिडकी होती. खाला विणकराच्या घरातली, सात लेकरांची आई. नानांना तिनं लहानपणी उघडं फिरतानापासून पाहिलेलं, त्यामुळं त्यांच्यापासून पडदा नव्हता. एका सकाळी शकूचा आरडाओरडा ऐकून तिनं खिडकीतून डोकं काढलं. "नाना, बच्ची कू नहला रें की पतेला घिस रें?"

नानांच्या हातून तांब्याच गळाला. ते पाटावर मटकन बसले आणि म्हणाले, "खाला, मला नाय जमत हो. घेऊन जाऊ द्या त्यांना."

खाला मागच्या दारानं आत आली. शकूला मांडीवर घेऊन बसली. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग नानांना म्हणाली, "इने मां कू नहलाते देखी ना उस दिन?"

आणि मला आठवलं. आईला अंगणात ठेवलं होतं. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, डोक्यावरून घागर ओतली, आणि लगेच चार माणसं तिला उचलून घेऊन गेली. शकू तेव्हा उंबऱ्यात माझा हात धरून उभी होती... ती कुणाला काही बोलली नव्हती. बोलायला तिच्यापाशी शब्दच कुठं होते! ज्याच्या डोक्यावर पाणी पडतं त्याला घेऊन जातात, एवढं त्या तीन वर्षांच्या जिवाला समजलं होतं.

खालानं तांब्या उचलून शकूच्या हातात दिला आणि नानांना म्हणाली, "पहले तुमे नहाव. इसके हात से."

नाना धोतराचा काचा मारून पाटावर बसले. शकूनं दोन्ही हातांनी तांब्या धरला, नानांच्या डोक्यावर कलता केला आणि चटकन मागं सरून त्यांच्याकडं बघत राहिली. नाना ओलेचिंब, डोळे मिटून बसलेले. मग त्यांनी एक डोळा उघडला. "हाय की मी," म्हणाले. शकूनं दुसरा तांब्या ओतला. तिसरा ओतला. त्या दिवशी तिनं फक्त नानांना न्हाऊ घातलं. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या की पाचव्या दिवशी तांब्या त्यांच्या हातात देऊन ती आपण होऊन पाटावर बसली आणि नानांचं बोट घट्ट पकडून म्हणाली, "हळू." त्या सकाळपासून आमच्या घरात आधी नानांची अंघोळ आणि मग आमची, असा नेमच पडला. पलीकडून खाला विचारायची, "हो गई क्या?" आणि नाना ओरडून सांगायचे, "झाली, खाला! दोघींची झाली!" त्या आवाजातला आनंद काय सांगू... जणू मोठा खटला जिंकून आले आहेत.

निजवण्याचं नानांनी स्वतःच शोधून काढलं. गाणी त्यांना येत नसत, गोष्टी अर्ध्यावर विसरत. त्यांना येत होती ती अदालत. कंदील बारीक केला की ते बाजेवर मांडी घालून बसायचे आणि चपराशाच्या सुरात पुकारा करायचे, "शकुंतला बिन्त दत्तात्रय, हाजिर है?" बिन्त म्हणजे मुलगी, आणि दत्तात्रय हे आमच्या वडिलांचं नाव. शकू वाकळीतून ओरडायची, "हाजिर!" मग दिवसभरातल्या तक्रारी अर्ज म्हणून मांडायच्या. ताईनं माझा पेरू खाल्ला. वेणी आवळ झाली. उद्या वरण पातळ नको. नाना गंभीरपणे ऐकून "मंजूर" किंवा "नामंजूर" म्हणायचे. अर्ज आडवं पडूनच मांडायचा असा ह्या अदालतीचा नियम, त्यामुळं शकूला आडवं व्हावंच लागे. निकालाच्या आतच तिचा डोळा लागायचा. नाना हलक्या आवाजात "अदालत बरखास्त" म्हणायचे आणि कंदील विझवायचे.

संक्रांत झाली आणि ठरल्याप्रमाणं गोदामावशी बैलगाडीनं आली. दुसऱ्या सकाळी पदर खोचून न्हाणीत उभी राहिली. "आज म्या घालते पोरींना न्हाऊ."

"अक्का, आधी तिला माझ्यावर पाणी घालू द्या," नाना म्हणाले. मावशी घरात म्हणून त्यांची अंघोळ पहाटेच, शकू उठायच्या आधी, उरकली होती. अदालतीला निघायचं म्हणून शेरवानीची बटणंसुद्धा लावून झाली होती.

"गड्यावर पोरीनं पानी वतायचं? ही कुठली रीत वो, नाना? लई लाडावून ठिवलंय." मावशीनं शकूला पाटावर बसवलं आणि तांब्या उचलला. पुन्हा ती जुनी किंकाळी. शकू हातातून निसटून कोपऱ्यात जाऊन बसली, थरथर कापत. मावशी माझ्याकडं वळली, "व्हय गं, पोर अशी भ्यालेली, आन् मला कुनी सांगिटलं नाय?" मला वाटलं, संपलं. आता गाडी जुंपणार.

नाना आत आले. शेरवानीसकट पाटावर बसले आणि टोपी काढून माझ्या हातात दिली. "घाल, शकू." शकू हळूहळू पुढं आली. तिनं तांब्या भरला आणि नानांच्या डोक्यावर ओतला. काळ्या शेरवानीवरून पाणी निथळत होतं, आणि नाना म्हणत होते, "हाय की मी. इथंच हाय." तीन तांबे झाल्यावर शकूनं डोळे पुसले, पाटावर बसली आणि मावशीला म्हणाली, "आता तू घाल. हळू." मावशीनं घातलं. नाना जुनी विटकी शेरवानी चढवून अदालतीला गेले, त्या दिवशी तासभर उशिरा. ते गेल्यावर मावशीनं मला सगळं विचारून घेतलं, अंगणातल्या त्या दिवसापासूनचं. मी सांगितलं. ती माझ्याकडं पाठ करून चुलीपुढं बसून राहिली.

पण पोरींना नेत नाही, असं काही ती बोलली नाही. माझ्या कपड्यांचं बोचकं दाराशी तसंच होतं. रात्री मावशी पलीकडच्या बाजेवर आडवी झाली. नानांनी पुकारा केला, नेहमीपेक्षा खालच्या आवाजात. शकूचा अर्ज तिळाच्या लाडवांचा होता, तो मंजूर झाला. मग माझं नाव आलं. मी काही ठरवलं नव्हतं, पण उठून बसले आणि म्हणाले, "अर्ज असा की, मला चितेगावला आणि शकूला जालन्याला पाठवू नये. आम्ही रोज अंघोळ करू. वेणी वाकडी आली तरी कुरकुर करणार नाही."

नानांनी कंदिलाची वात उगाच खालीवर केली. शकू म्हणाली, "नाना, सांग ना."

"ह्या अर्जावर हुकूम द्यायचा अख्त्यार ह्या अदालतीला नाय, पोरी," नाना म्हणाले.

पलीकडून मावशी म्हणाली, "मग कुनाला हाय?"

"वरच्या अदालतीला."

"कुठं बसते ती?"

"सध्या... त्या बाजेवर," नाना म्हणाले.

बाज करकरली. मावशी कुशीवर वळली असावी. मग तिचं नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "मंजूर म्हना की वो, नाना. लेकरं ताटकळलीत."

नाना "मंजूर" म्हणाले की नाही ते मला ऐकू आलं नाही. ते उठून न्हाणीत गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. तोवर शकूचा डोळा लागला होता. मी मात्र त्या पाण्याचा आवाज ऐकत पडून राहिले. इतकी सुखाची झोप मला आधी कधी लागली नव्हती. सकाळी मावशी एकटीच गाडीत बसली. जाताना नानांना बजावलं, "म्हयन्याला एकदा म्या यीन केसं धुवाया. तुमच्या हातनं गुंता काय निघंना." आणि ती येत राहिली, अगदी आमची लग्नं होईपर्यंत.

पुढं नानांचं लग्न झालं, काकू आल्या, सुधाकर झाला. लेकराला अंघोळ घालायला काकू बसल्या की नाना म्हणायचे, "तुम्ही सरा, तुम्हाला नाय जमायचं." काकू पदरात हसायच्या. बाहेरचे लोक मात्र नावं ठेवायचे. अदालतीतला माणूस पाय पसरून लेकरू न्हाऊ घालतो, हा गल्लीत कितीतरी वर्षं थट्टेचा विषय होता. नानांना त्याचं काही वाटलं असेल, तर त्यांनी ते आम्हाला कधी कळू दिलं नाही.

दिवसकार्याला मी आणि शकू बरोबरच गेलो. तेरावा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर चहा घेत बसलो होतो. अंगणात सुधाकरचा मुलगा विजय लुंगी खोचून, पाय लांब करून पाटावर बसला होता आणि पायांवर त्याची आठ महिन्यांची मुलगी पालथी. कोपरानं पाणी तपासून तो तिच्या पाठीवर ओंजळ ओंजळ ओतत होता. त्याची बायको पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होती. गल्लीतून दूधवाला आला, माप ओतून गेला, शेजारची बाई विळी मागायला आली, विजयला वळसा घालून आत गेली. कुणाच्या डोळ्यांत नवल नव्हतं. शकूनं माझा हात दाबला. वर्तमानपत्रातून मान वर न करता विजयची बायको म्हणाली, "कानामागं राहिलंय बघा तिच्या." विजय म्हणाला, "घेतो," आणि त्यानं बोट ओलं केलं.