झूम करून बघितलेली माणसं

फोटो एडिटिंगचा क्लास काढला तेव्हा वाटलं होतं, आपल्याकडे फोटो साठतील. साठले किस्से! जुन्या वायरींच्या खोक्यात हात घातला की एक ओढावी आणि चार गुंतून बाहेर याव्यात, तसं माझं होतं. एक सांगायला बसलो की दुसरा आपोआप निघतो.

सांगलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. दर रविवारी दहा ते एक तिथं नवशिक्या फोटोग्राफरांना बसवतो. चार कॉम्प्युटर, त्यातला एक कायम रुसलेला. शिकवतो एडिटिंग, पण खरं सांगायचं तर संशय घ्यायला शिकवतो. "फोटो दिसला की आधी झूम करा! कडा बघा, सावली बघा, कातडी बघा. ब्रश फिरलेल्या जागी कातडी गुळगुळीत होते, चोर तिथंच सापडतो." हे माझं पहिल्या दिवशीचं भाषण.

ही खोड घरीही सुटत नाही. मेव्हण्यानं नव्या घराचा फोटो पाठवला तरी मी आधी खिडकीच्या रेघा सरळ आहेत का ते बघतो. एकदा बायको वैतागून म्हणाली, "लग्नाआधी माझ्या फोटोवरही भिंग धरलं असणार तुम्ही!"

धरलं होतं.

* * *

आमच्या क्लासात सुभेदार तात्या आहेत. साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले, आता सांगलीत लेकीकडं असतात. मुलानं भारी कॅमेरा घेऊन दिला म्हणून शिकायला आले. संशयाच्या बाबतीत ते माझेही गुरू!

पहिल्याच रविवारी मी अनडू शिकवलं. म्हटलं, चुकलं तर घाबरू नका, हे दाबलं की केलेलं सगळं माघारी जातं. तात्या खुर्चीत ताठ झाले.

"आवं सर, सुटलेली गोळी कवा माघारी आलीया? ह्यात कायतरी घोळ हाय!"

तेव्हापासून तात्या प्रत्येक पायरीला फोटोची कॉपी पेन ड्राइव्हवर घेतात, तो खिशात टाकतात आणि खिशाचं बटण लावतात. एकदा मी सहज म्हटलं, "तात्या, जरा पेन ड्राइव्ह देता का?"

तात्यांनी खिशावर हात ठेवला. "कशाला पायजे?"

* * *

क्रॉप मात्र तात्यांना लगेच जमलं. लगेच जमलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

झालं असं, की गावाकडच्या घराच्या वास्तुशांतीचा एक फोटो होता. त्यात तात्यांच्या शेजारी त्यांचा चुलतभाऊ उभा. नंतर बांधावरून दोघांचं वाजलं, बोलणं बंद. तात्यांनी भावाला कापलं, फोटो मोठा करून फ्रेम केला आणि गावच्या घरात लावला. चहाला येणारा प्रत्येक माणूस फोटो बघायचा आणि बघतच राहायचा. शेवटी कुणीतरी विचारलंच, "तात्या, तुमच्या खांद्यावर ह्यो हात कुणाचा?"

भाऊ कापला होता, हात राहिला होता!

गावात कुजबुज झाली. ती ऐकून तो चुलतभाऊ दोन वर्षांनी पहिल्यांदा तात्यांच्या दारात आला. फोटोजवळ गेला, चष्मा लावला, बोटातली अंगठी ताडून बघितली आणि म्हणाला, "हात माजाच हाय. बाकीचा मी कुठं गेलो रं?"

* * *

आता सागर. हा माण तालुक्यातला, दहिवडीच्या पुढचा. मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन, शिवाय पंचक्रोशीतल्या लग्नांचे फोटो काढतो. सातारा सोडून हा गडी पहाटेची एसटी धरून सांगलीला का येतो, म्हणून माझ्या मनात पाल चुकचुकली. खोदून विचारल्यावर बोलला.

"तिकडं समदी वळखत्यात, सर. हसत्यात. ह्याला एडिटिंग शिकून सोताचं लगीन जमवायचंय म्हणत्यात."

एकतीस वर्षांचा होता. सात वर्षं स्थळं बघणं चाललेलं. घरी तो आणि आई, दोघंच. बरोबरीच्या सगळ्या पोरांच्या लग्नात फोटो यानंच काढलेले. एकदा म्हणाला, "दुसऱ्याच्या अंगावरची हळद किती दिवस काढू, सर?" पोरगा दिसायला देखणा, बोलायला गोड. फक्त डाव्या गालावर एक वण, लहानपणी बाभळीच्या कुंपणावर पडला होता त्याचा.

* * *

सागरचा मामा आटपाडीच्या बाजारात मेंढा विकणार होता. माडग्याळी जातीच्या मेंढ्याची किंमत नाकावर असते. नाक जितकं बाकदार, तितका भाव जास्त. मामानं भाच्याला सांगितलं, फोटो काढ आणि ग्रुपवर टाक. वर हेही सांगितलं, "शिकतुयास म्हणं काय काय. जरा नाक उचल की!"

त्याच रविवारी मी आकार ओढायचं टूल शिकवलं होतं. सागरनं मामाच्या धाकानं नाक ओढलं. मामा म्हणाला, आणखी. आणखी ओढलं. फोटो पार जतपर्यंत फिरला आणि तिकडून एक गिऱ्हाईक गाडी करून आलं. मेंढ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, दात बघितले, पाठीवरून हात फिरवला आणि शांतपणे मामाला म्हणालं,

"ह्यो बघितला. आता फोटोतला सोडा."

* * *

पुढच्या रविवारी मी डाग घालवायचा ब्रश शिकवला. सरावाला सागरनं स्वतःचाच फोटो घेतला आणि गालावरचा वण पुसला. काम इतकं सफाईदार की मीही शाबासकी दिली. चूक तिथंच झाली! घरी आलेल्या मामानं तो फोटो मोबाइलमध्ये बघितला आणि कुणाला न विचारता वधूवरांच्या ग्रुपवर टाकला.

विट्याकडचं एक स्थळ आलं. सागरकडची मंडळी मुलगी बघायला गेली. मुलीच्या वडिलांनी मोबाइल सागरच्या गालाशेजारी धरला. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"ह्यो कोण, आन त्यो कोण?"

पोहे येण्याआधी मंडळी परत निघाली. सागर मला सांगताना हसत होता, पण डोळे भरलेले होते.

मी म्हटलं, आता सरळ खरा फोटो टाक. त्यानं टाकला, वणासकट. कोरेगावकडून फोन आला. मुलीचा चुलता म्हणाला, "वण उघड दाखवताय, मग झाकलंय काय त्ये सांगा!" मामानं शपथा घेतल्या. पलीकडून उत्तर आलं, "आवं, मेंढ्याला सोडलं न्हाई त्यानं, सोताला सोडंल व्हय?"

मेंढ्याची कीर्ती कोरेगावपर्यंत गेली होती! त्या दिवसापासून सागरनं क्लासात ब्रश हातात धरणं बंद केलं. नुसता बसायचा आणि बघायचा. एका रविवारी तर आलाच नाही. मला वाटलं, हा आता शिकणंही सोडणार आणि लग्नही. फार वाईट वाटलं, कारण ब्रश त्याच्या हातात मीच दिला होता.

* * *

मग इस्लामपूरच्या बाजूचं स्थळ आलं. मुलगी अश्विनी, वडिलांचं गुऱ्हाळ. मामा यावेळी आधीच सावध. मुलीचा फोटो घेऊन थेट माझ्या स्टुडिओत. "सर, तुमी सांगा. ओरिजिनल हाय का बनावट?"

मी चष्मा पुसला. झूम केलं. डोळ्यांच्या कडा, केसांच्या कडा, कानातल्यांची सावली, मागच्या भिंतीची रेघ, सगळं तपासलं. "शंभर टक्के ओरिजिनल! डोळे झाकून जा." सागर माझ्या मागं उभा होता. त्यानंही फोटो बराच वेळ बघितला आणि एवढंच म्हणाला, "जाऊ या."

त्याच्या हट्टामुळं मीही गेलो. ओसरीवर मंडळी बसली. अश्विनी समोर येऊन बसली, पावडर, टिकली, खाली मान. आणि तिच्या शेजारी तिची आजी. आजीच्या हातात सागरचे दोन फोटो, प्रिंट काढून आणलेले. एक वणाचा, एक बिनवणाचा! दोन्ही त्यांच्यापर्यंत पोचले होते.

"ह्यातला खरा कंचा?" आजीनं विचारलं.

"वणाचा, आजी," सागर म्हणाला.

"असं समदीच म्हणत्यात. हिकडं ये."

सागर पुढं जाऊन बसला. आजीनं तांब्यात पदर बुडवला आणि त्याचा गाल घासायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तीनदा! गाल लाल झाला. सागर हलला नाही. आजीनं पदर उलटा करून बघितला, पांढराच होता.

"निघत न्हाई. खरा हाय."

मला हसू आवरेना. तेवढ्यात आजी नातीकडं वळली. "आशे, ऊठ. तूबी तोंड धुऊन ये."

"आवं आत्या..." दारातून अश्विनीची आई सासूला थांबवायला घाईनं पुढं झाली.

"आत्या न्हाई आन काय न्हाई. त्येचं घासून बघितलं, मग आपलं नको? जा गं."

मोरीतून पाण्याचा आवाज आला. अश्विनी परत आली ती तोंड न पुसताच, तशीच ओली, आणि यावेळी मान वर करून. हनुवटीच्या खाली गळ्यापर्यंत भाजल्याचा चट्टा होता. वडील हळूच म्हणाले, "पाच वरसाची हुती. काहिलीतला उकळता रस उडाला."

मामानं माझ्याकडं असं बघितलं, की मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. शंभर टक्के ओरिजिनल! जगाच्या फोटोंवर संशय घेणारा मी, हनुवटीखालची गुळगुळीत कातडी बघितलीच नव्हती.

आजीनं सागरची हनुवटी धरून त्याचं तोंड नातीकडं वळवलं. "नीट बघ, लेका. मागनं म्हणशील फसवलं."

"बघितलंय, आजी," सागर म्हणाला. "फोटो आला त्याच दिशी बघितलंय."