नारळाच्या आळ्यातलं निळं पाणी

कॅम्परव्हॅन घेऊन फिरणाऱ्यांनो, नागावच्या आमच्या वाडीत रात्रभर गाडी लावायला मी आजवर कुणालाही नाही म्हटलेलं नाही.

आज सकाळी विहिरीलगतच्या नारळाच्या आळ्यात निळं, उग्र वासाचं पाणी साचलेलं दिसलं. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याने गाडीतल्या संडासाची टाकी, त्यातल्या निळ्या रसायनासकट, तिथे ओतली होती.

"अहो, हे काय केलंत?"

"काकू, नारळाला फुकटचं खत!" तो हसला.

पाणी काढायला आलेल्या सासूबाई रिकामी कळशी घेऊन घरात गेल्या.

निघताना त्यानेच विचारलं, "पाणी भरून घेऊ? विहिरीचं पिण्यासारखं आहे ना?"

"काल संध्याकाळपर्यंत होतं," मी म्हटलं.

मग त्याने नाक्यावरून बाटल्या घ्यायचं ठरवलं. आम्ही कुठून भरायचं, ते तुमच्यापैकी कुणी सांगेल का?