साल काऊन काढून राहिले जी?

साली गोळा करायला निघालं की किस्से आपसूक गोळा होतात. सालीला निदान पाकीट असतं. किस्से कुठे भरायचे? मग भेटेल त्याला सांगत सुटायचं!

काम तसं सोपं. हवेतली धूळ वर्षानुवर्षं झाडाच्या सालीत बसते आणि धुळीसोबत शिशासारखे धातूही. साल खरवडायची, नागपूरला पाठवून तपासून घ्यायची आणि गोंदिया शहराच्या नकाशावर मांडायचं, कुठे किती. खरवडणारे आम्ही दोघं, मी आणि प्रज्ञा. आमचे गाईड बिसेन सर. त्यांना एका झाडापाशी घडीभर उभं राहवत नाही. "चला, पुढचं झाड!"

*

फुलचूरला कडुनिंबाला चाकू लावला आणि समोरच्या घरातून एक मावशी धावत आल्या. "साल काऊन काढून राहिले जी? झाडाले का झालं?"

प्रज्ञा म्हणाली, "झाडाला काही नाही मावशी, हवा खराब आहे का ते पाहतोय."

"मंग हवा न्या ना! झाडाले कायले सोलता?"

*

बाजारात पानठेलेवाल्यानं हटकलं. सर घाईघाईत हिंदीत म्हणाले, "पेड़ में सीसा ढूँढ रहे हैं!"

त्यानं ऐकलं 'शीशा'. ठेल्यावरचा आरसा काढून पुढे धरला. "पेड़ में काहे ढूँढना साहब, ये लो ना!"

सरांनी त्यात बघून केस नीट केले. "चला, पुढचं झाड!"

*

झाडं ओळखता यावीत म्हणून बाजारातल्या त्याच रस्त्यावर आम्ही खडूनं फुल्या मारल्या होत्या. दुपारपर्यंत बोंब उठली, "रोड चौड़ा हो रहा है!" संध्याकाळी जाऊन बघतो तर दुकानदारांनी रस्त्यावर आलेले आपापले पत्रे आत ओढलेले. आजवर कुणाला न जमलेलं काम आमच्या खडूनं केलं!

*

तुलनेसाठी गाडीघोड्यापासून लांबचं झाड हवं होतं. कामठ्याच्या एका शेतकऱ्याला सरांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या आंब्याची स्वच्छ साल पाहिजे." आम्ही पोचलो तर आंबा बुंध्यापासून ओला आणि साबणाचा घमघमाट.

"तुमी येऊन राहिले म्हून घासून ठेवला जी!"

*

नागपूरहून रिपोर्ट आला. सगळ्यात जास्त शिसं एका गल्लीतल्या कडुनिंबात निघालं. त्याच झाडाखाली एक जण जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतो, घर मागेच. प्रज्ञानं त्याला समजावलं, "भैया, हे काम घरापासून दूर न्या. घरात लहान मुलं असतील."

तो भडकला. "पूरे गोंदिया में मेरा ही पेड़ दिखा? चलो, निकलो यहाँ से!"

आम्ही निघालो, पण जीव काही थाऱ्यावर राहीना. तक्रार करावी तर त्याचं पोट, न करावी तर... प्रज्ञा डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. मी कारण नसताना त्या गल्लीवरून गाडी न्यायचो.

एका दुपारी तोच आमच्या कॉलेजच्या लॅबच्या दारात उभा. चपला बाहेर काढून आत आला आणि खिशातून कागदाची पुडी काढून प्रज्ञापुढे ठेवली. तिला वाटलं, साल आणली. तिनं पुडी उलगडली.

आत कापलेली इवलीशी नखं. काहींवर लाल नेलपॉलिश.

"बेटी के हैं," तो म्हणाला. "मॅडम, इसमें भी दिखता है क्या?"