कुसुमकाकूंचा लाल दिवा

हे कुणालाच ठाऊक नाही. आईला तर नाहीच. सांगायला बसलो की मी दुसरंच काहीतरी बोलू लागतो — आताही तसं झालं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आई वसई पूर्वेच्या एका गाळ्यात प्रेसवर बसायची, पायाने दाबून कपड्यांना टिचबटणं लावायची. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट मला तिच्याच ओळखीने तिथे मिळालं. प्रत्येक प्रेसला मी बटणं मोजणारा सेन्सर लावला, वर दिवा. दिवसाचं काम वेळेबरोबर चाललं तर हिरवा, मागे पडलं तर लाल. आपलं काम आपल्याला दिसलं की माणूस आपणहून सुधारतो, असं मी मालकांना सांगितलं होतं. मला ते खरंच वाटायचं. आणि काम वाढलंही. बायका एकमेकींना चिडवायच्या, "काय गं, आज सिग्नलला अडकलीस?" मालकांनी मला बसायला खुर्ची दिली. आई लांबून त्या खुर्चीकडे बघत राहिली.

फक्त कुसुमकाकूंचा दिवा लाल असायचा.

काकू आईच्या शेजारच्या प्रेसवर. नवरा गेलेला, घर त्या पगारावर. त्या खाडीकडच्या गावातल्या. तिकडे भातलावणीला सावड असते — आज सगळ्या तुझ्या शेतात, उद्या माझ्या. बायकांनी तशीच सावड इथे धरली. जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा टाकून एकेक जण काकूंच्या प्रेसवर बसू लागली. आईसुद्धा. तिचा हात गाळ्यात सगळ्यांत चलाख. तरी दिवा लालच.

घरी आईने विचारलं, "अरे, दिवाच तर बिघडला नाही ना?"

मी काय म्हणालो? "नाही गं. मागची तूट भरून निघायला वेळ लागतो."

मी दुपारीच बघितलं होतं. काकूंच्या सेन्सरचा स्क्रू सैल झाला होता — मधलीमधली बटणं मोजलीच जात नव्हती. पण त्याच आठवड्यात परीक्षक यायचे होते. एक दिवा खोटा निघाला तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? माझ्यावर कोण ठेवणार? मालकांनी विचारलं, "मशीनचा दोष आहे की बाईचा?" मी म्हणालो, "मशीन बरोबर आहे, सर." काकू तिथेच उभ्या होत्या.

आई त्यांच्या बाजूने भांडायला उठली, तर काकूंनीच तिला खाली बसवलं. "दिवा कशाला खोटा बोलंल? आपल्या बालानं बनवलाय. माजे हातच गेले."

त्यांना कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी स्क्रू आवळला. त्या जागी आलेल्या नव्या मुलीचा दिवा लगेच हिरवा झाला. मालक म्हणाले, "बघ, दोष बाईचाच होता ना?" — आणि मी हसलो. हो, हसलो.

निकालाचे पेढे द्यायला आईने मला काकूंकडे पाठवलं. शेजारीण त्यांना विचारत होती, घरबसल्या हुक-बटणं लावायचं काम आहे, घेतेस का? काकूंनी हात पदराखाली घेतले. "नको बाय. आता नाय जमत मला." मग एक हात बाहेर काढून त्यांनी पेढा मोडला आणि अर्धा मला भरवला.

मी तो खाल्ला.

त्यांचे हात चांगले होते.