मामांची मोकळी जागा

माझ्या बायकोच्या मामांइतकं नागपूर कोणी ओळखत नव्हतं, आणि त्या ओळखीचा इतरांना त्यांच्याइतका जाचही कोणी करत नव्हतं. मामा सरकारी कचेरीत शहराचे नकाशे काढत. महाल भागातल्या घरातून कुठेही निघालं की सरळ रस्ता सोडून गल्ल्यांतून नेत, आणि पाटीवरचं नाव चुकूनही न घेता प्रत्येक कोपऱ्याला लोक काय म्हणतात ते ऐकवत. त्यांनी पत्ता सांगितलेला पाहुणा सकाळी निघून संध्याकाळी पोचे. लग्नपत्रिका आली की आधी लाल पेन्सिलीनं पत्ता दुरुस्त करत, मग लग्न कोणाचं ते वाचत. मामी म्हणायच्या, "यायले साऱ्या गावच्या गल्ल्या दिसते, घरातला किराणा संपलेला दिसत नाही."

सत्तरच्या दशकात त्यांच्याकडे एक नकाशा आला. विणकरांच्या वस्तीतून नवा रस्ता जायचा होता, आणि जिथून जायचा तिथं लिहिलं होतं, 'मोकळी जागा'. तिथं रोज सकाळी बाया सूत ताणतात, असं मामांनी साहेबांना सांगून पाहिलं. साहेब नवे होते. बांधकाम नाही म्हणजे जागा मोकळीच, असं त्यांचं म्हणणं. मामांनी वाद घातला नाही. मोजणीचं निमित्त काढून ते दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांना तिथं घेऊन गेले.

या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलेलं होतं, बाया त्याला खळ लावत होत्या. साहेब सवयीनं सरळ निघाले. एका बाईनं मान वर न करता म्हटलं, "बाजूनं जा गा भाऊ. आमच्या घरातून काहून चालला?"

साहेबांनी इकडेतिकडे घर शोधलं. मग मुकाट्यानं वळसा घातला. कागदावरचा रस्ताही पुढे वस्तीच्या बाहेर सरकला. मात्र दोन महिन्यांत वरून हुकूम आला आणि मामांची चंद्रपूरला बदली झाली.

निवृत्त होऊन मामा परतले तोवर वस्तीतले माग एकेक करून बंद पडले होते. कोणी उमरेडकडे खाणीत गेलं, कोणी कचेऱ्यांत लागलं. एका रविवारी ते मला तिथं घेऊन गेले. मैदान रिकामं होतं, मधून स्कूटरी जात होत्या. मामा मधून न जाता कडेकडेनं चालू लागले. कडेच्या एका घराच्या दारातून तरुण सुनेनं विचारलं, "कोणाले शोधून राहिले जी?"

"कोणाले नाही, पोरी. या जागेले आता काय म्हणता तुम्ही?"

"काही नाही. मैदान म्हणतो."

तिनं पाणी आणून दिलं. मामा तिच्या पायरीवर बसले, आणि सूत ताणताना तिथं कोण कुठं उभं राहायचं, हे हळूहळू तिला सांगू लागले.