गाभण मांजरी

मांजरी पाणी फार पिऊ लागली तेव्हा सासूबाईंनी जाहीर केलं, गाभण आहे. पोट सुटलं होतं, दिवसभर पडून राहायची, खाण्यावर वासना नव्हती. सासूबाईंच्या माहेरी, चांदूर बाजारला, गोठाभर जनावरं असत. गाभण जनावर त्या लांबून ओळखत. त्यांनी कपाटाखाली जुनं लुगडं अंथरलं, दुधात तूप घालून पुढे ठेवलं. मांजरीने तोंड फिरवलं.

मी दवाखान्याचं नाव काढलं, तर म्हणाल्या, "गाभणीले काहून हालवून राहिली? गाभ पडन तिचा."

मला ते पुरतं पटलं नव्हतं. पण शाळेत परीक्षा चालू होत्या, पेपर तपासायचे होते. मला ते सोयीचं पडलं. पिल्लं होऊ नयेत म्हणून तिचं ऑपरेशन करायचं मीच दोन वर्षांपूर्वी ठरवलं होतं. तेही असंच राहिलं.

आठव्या दिवशी ती उठेना. सासूबाईंना वाटलं, अडली. अमरावतीच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि लगेच अकोल्याला न्यायला सांगितलं. मूर्तिजापूरपर्यंत ती टोपलीत कण्हत होती. पुढे गप्प झाली.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. पिल्लं नव्हतीच. गर्भाशय पुवाने भरलं होतं. जिवाणूंचा संसर्ग, माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी होतो, ऑपरेशन न केलेल्या, वय झालेल्या माद्यांना जास्त. आमची नऊ वर्षांची. स्राव बाहेर येत असणार, पण मांजर चाटून साफ करते, घरच्यांना दिसत नाही. आमची तर सारखी चाटत असे. आम्ही त्याला स्वच्छतेची आवड म्हणायचो.

आधी आणली असती तर, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत होत्या.

"आता आणली ना," एवढंच म्हणाल्या. संसर्ग रक्तात पसरला होता, भूल सोसेल की नाही सांगता येत नव्हतं. मी सही केली.

बाहेर बाकावर रिकामी टोपली घेऊन बसले. आत ते लुगडं होतं. वाटेत पिल्लं झालीच तर असावं म्हणून सासूबाईंनी घातलेलं. मी त्याची घडी मोडली, पुन्हा घातली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

फोन वाजला. सासूबाई होत्या.

"किती झाले वं?"

दार बंदच होतं.

"अजून आत आहे," मी म्हटलं.