भूगोलसरांची बरोबरी

बुद्धिबळात खेळी केली की भूगोलसर पटापाशी थांबत नसत. पायात चपला सरकवून ओसरीवर येरझाऱ्या घालत. समोरच्याची खेळी झाली की त्यांना हाक मारावी लागे. वर्गात नकाशा शिकवतानाही तीच तऱ्हा. "बसून डोकं चालत नाही बे माहं," म्हणत. मी त्याच शाळेत नवा लागलो होतो आणि त्यांच्या शेजारी खोली घेऊन राहत होतो.

नव्या महाराष्ट्राची ती पहिली वर्षं. नागपूरचा एक नामांकित बुद्धिबळपटू बुलढाण्याच्या क्लबात आला. वकील हरले, डॉक्टर हरले. सरांचा डाव मात्र बरोबरीत सुटला. राज्यभर नाव असलेल्या माणसाशी बरोबरी! क्लबात पेढे वाटले.

सरांनी पेढा तोंडात घातला नाही. घरी येऊन पट मांडला आणि मला बोलावलं.

"हे पाह्य. त्याचा हत्ती इथं आला असता तं मी संपलो होतो. त्यानं हत्तीला हत्ती मारून बरोबरी काऊन मागतली?"

"दिसलं नसेल, सर."

"त्याले? त्याले दिसलं नसन?"

मग त्यांना चैन पडेना. शाळेनं सत्कार ठरवला, तो त्यांनी मोडला. बाजारात कुणी अभिनंदन केलं की रस्ता बदलत. वहिनी वैतागल्या, "जितले नाही, हारले नाही, मंग जेवण काऊन जात नाही तुम्हाले?"

"हारलो असतो तं जेवलो असतो. त्यानं दया केली असन तं?"

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मलकापूर गाठलं आणि नागपूरची गाडी धरली.

परतले तेव्हा मी एसटी स्टँडवर गेलो होतो. पायरीवरूनच बोलायला लागले, "त्याले डाव आठवतच नव्हता! मी मांडून दाखवला. त्यानं कपाळावर हात मारला. 'मास्तर, दिसलंच नाही हो,' म्हणे. अन् तिथंच दुसरा डाव मांडला."

"मग?"

"तीन खेळलो, तिन्ही हारलो. काय खेळते बे तो!" इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढल्याच वर्षी सर अचानक गेले. क्लबातल्या शोकसभेत जो तो त्या बरोबरीबद्दलच बोलत होता. वहिनी माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "नागपूरचं सांगा न त्यायले."

मी उठलो, आणि सर कसे हरले ते सांगितलं.